बोट आपले, होकार कोणाचा?

अंगठा हा शब्द मराठीत फार काळ अपमानाचा होता. सही न येणाऱ्याला लोक 'अंगठेबहाद्दर' म्हणत. सावकाराच्या वहीत, खरेदीखतावर, मजुरीच्या पत्रकावर तो डाव्या हाताचा अंगठा उठवी आणि वर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. तालीम घेणे म्हणजे या अंगठ्यातून सुटणे, असे आमच्या वडीलधाऱ्यांनी मानले. आज चित्र उलटे झाले आहे. आम्ही पदवीधर, बी.एड. झालेले मास्तरसुद्धा दिवसातून कितीतरी वेळा अंगठा उठवतो, मोबाईलच्या काचेवर.

बँकेचे ॲप, पैसे पाठवण्याचे ॲप, कागदपत्रांचे ॲप, सगळी बोट लावले की उघडतात. बहुतेक ॲपच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करण्याचे बटणही असते. ते दाबले की पुन्हा पिन किंवा पासवर्ड टाकावा लागतो. नांदगावात आम्हाला पालक विचारतात, "सर, हे बोटाचं चालू ठेवू की बंद करू?" प्रश्न मोबाईलचा वाटतो. आम्हाला तो नीतीचा वाटतो. माणसाचे बोट हजर असले म्हणजे त्याची इच्छाही हजर आहे, असे धरावे का?

आधी यंत्राशी न्यायाने वागू. चांगल्या मोबाईलमध्ये बोटाचा फोटो साठवलेला नसतो. ठशावरून तयार केलेली एक सांकेतिक नोंद फोनच्याच वेगळ्या, सुरक्षित भागात राहते. ॲपला फक्त 'जुळले' किंवा 'जुळले नाही' एवढेच कळते. तेव्हा बँकेने आमचे बोट नेले, ही भीती खरी नाही.

तरीही दोन गोष्टी उरतात. पिन फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. आणि पिन माणसाच्या आठवणीत असतो. तो मिळवायचा तर त्याला विचारावे लागते आणि त्याला सांगावे किंवा नाकारावे लागते. बोटाला विचारावे लागत नाही. झोपलेल्या माणसाचे, आजारी माणसाचे, दादीचा हात हातात घेऊन तिचे बोट काचेवर टेकवता येते. शिवाय एका फोनमध्ये अनेक बोटे नोंदवता येतात. मुलाने आईच्या फोनमध्ये आपले बोट नोंदवले की कुलपाच्या दृष्टीने दोघेही मालक. नवे बोट नोंदवल्यावर काही ॲप पुन्हा पासवर्ड मागतात, पण सगळी मागत नाहीत.

ठशाचा इतिहास आपल्याच देशातला आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. पुढे त्याने करार नाकारू नये, हा हेतू होता. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. हजारो ठशांतून एक शोधण्याची पद्धत बसवण्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचे श्रम होते. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे लागले. ठसा जन्मला तो माणसाच्या शब्दावर विश्वास नव्हता म्हणून.

याचा नैतिक कस दक्षिण आफ्रिकेत लागला. ट्रान्सवालच्या सरकारने तिथल्या हिंदी लोकांवर नोंदणीची आणि बोटांच्या ठशांची सक्ती आणली. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा भरली. शेठ हाजी हबीब यांनी अल्लाला साक्षी ठेवून हा कायदा न मानण्याची शपथ घेतली आणि सत्याग्रहाची सुरुवात झाली. पण पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. १९०८ च्या जानेवारीत समझोता झाला, की लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी आणि सरकारने कायदा मागे घ्यावा. गांधीजी स्वतः ठसे द्यायला निघाले. हा दगा आहे असे समजून १० फेब्रुवारीला मीर आलम या पठाणाने त्यांच्यावर हल्ला केला. जखमी गांधीजींनी अंथरुणातूनच ठसे दिले. कायदा मात्र मागे घेतला गेला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात लोकांनी नोंदणीचे दाखले जाळले. मीर आलमही तिथे होता. त्याने आपली चूक कबूल करून आपला दाखला जाळायला दिला.

ठसा तोच, बोटे तीच. सक्तीने मागितले तेव्हा नकार, मनाने द्यायचे ठरले तेव्हा होकार, आणि वचन मोडले तेव्हा दिलेले परत. आम्हाला यातून एकच गोष्ट दिसते. जो होकार मागे घेता येत नाही, तो होकार पुरा नसतो.

आपल्या कायद्यानेही हे हळूहळू मानले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली संसदेने मंजूर केलेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात तत्त्व लिहिले आहे, की संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे. ॲपमधले ते लहानसे बटण म्हणजे याच तत्त्वाचे घरगुती रूप आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयच्या छोट्या रकमांसाठी पिनऐवजी बोट किंवा चेहरा चालेल, अशी मुभा जाहीर झाली. म्हणून या बटणाचे मोल आता वाढले आहे.

मग सगळ्यांनी बोट बंदच करावे का? तसेही नाही. ज्या नानीला आकडे लक्षात राहत नाहीत, तिला बोटाने फोन उघडता येतो, ही तिची आझादी आहे. उलट आमच्या कोकणात काजूबी फोडणाऱ्या बायकांची बोटे टरफलातल्या तेलाने जळतात. चिरेखाणीवर राबणाऱ्यांच्या रेषा झिजतात. अशा बोटांना रेशन दुकानातले यंत्र 'जुळले नाही' म्हणते. ज्यांनी उभा जन्म हाताने कष्ट केले, त्यांचाच हात त्यांना ओळख देत नाही. अशांसाठी दुसरा मार्ग उघडा असलाच पाहिजे.

म्हणून चालू की बंद, यापेक्षा 'कोणी ठरवले?' हा प्रश्न मोठा आहे. मुलगा मुंबईत किंवा आखातात, पैसे आईच्या खात्यात, फोन नातवाच्या हातात, अशी घरे आमच्याकडे पुष्कळ आहेत. तिथे 'तिला काय कळतंय' म्हणून तिचे बोट परस्पर वापरले जाते. बहुतेक वेळा नियत साफ असते, आम्ही ते मानतो. पण नियत आपली आणि बोट तिचे.

दुसऱ्याच्या दारात सलाम करावा, इजाजत मागावी, उत्तर आले नाही तर परत फिरावे, हा अदब आम्ही मुलांना लहानपणीच शिकवतो. मोबाईल हेही आज माणसाचे घर आहे. त्यात त्याचे पैसे, त्याची पत्रे, त्याची गुपिते असतात. घरच्या वडीलधाऱ्यांचा फोन हाती घेतला, तर त्यात कोणाकोणाची बोटे नोंदली आहेत ते त्यांना दाखवावे. नको असलेली काढावीत. पैशांच्या ॲपवर बोट ठेवायचे की पिन, ते त्यांना विचारावे, आणि त्या जे सांगतील तसे करून द्यावे. याला पाच मिनिटे लागतात. एरवी अंगठ्यातून सुटण्यासाठी शिकलेल्या कौमने पुन्हा आपल्याच माणसांचे अंगठे न विचारता उठवले, असे होईल.