धाव आणि विसावा

जानेवारीत पहाटेच्या मिस्साबलिदानासाठी आम्ही ख्रिस्तमंदिराचे दार उघडतो, तेव्हा सदरचे रस्ते अजून अर्धवट झोपेत असतात. शेकोटीभोवती बसलेले रिक्षावाले आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारी मुले हे नागपूरच्या थंडीतले जुनेच दृश्य. गेल्या काही वर्षांत मात्र त्यात धावणाऱ्या माणसांची भर पडली आहे. सिव्हिल लाइन्सच्या झाडीतून सेमिनरी हिल्सच्या चढाकडे आणि तेथून फुटाळा तलावाकडे ही मंडळी धावत जातात. त्या टेकडीवर आमची गुरुविद्यार्थीदशेतील वर्षे गेली. त्या वयात आम्ही तो चढ धापा टाकीत चढत असू. आता पन्नाशी उलटलेली माणसे तो हसतमुखाने पार करताना पाहून कौतुकही वाटते आणि थोडी लाजही.

अशांपैकीच एक गृहस्थ आमच्या धर्मग्रामातील. वय सत्तेचाळीस, बँकेत नोकरी, घरी पत्नी आणि दोन मुली. 2004 साली सुरू झालेली मुंबईची मॅरेथॉन आता जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. तिच्यात उतरण्यासाठी त्यांनी सहा महिने तयारी केली होती. शर्यतीला सहा दिवस उरले असताना, सोमवारी संध्याकाळी ते आमच्याकडे आले. आधी रविवारच्या मिस्साविषयी विचारले. शर्यत पहाटेच सुरू होते, मग काय करावे? शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला उपस्थित राहिल्यास रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. 1983 च्या धर्मविधिसंहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे, हे आम्ही त्यांना सांगितले. प्रश्न सुटला, तरी ते उठेनात. मग म्हणाले, "फादर, या आठवड्यात मला जवळजवळ काहीच करायचे नाही. आणि तेच जमत नाही."

मॅरेथॉनच्या तयारीचा हा भाग आम्हांस ठाऊक नव्हता. बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटर धावायचे, म्हणजे आदल्या दिवसापर्यंत घाम गाळायचा, असेच आम्ही समजत होतो. वस्तुस्थिती उलट आहे. तीसएक किलोमीटरची शेवटची मोठी धाव शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी संपवितात. पुढे अंतर क्रमाक्रमाने कमी करीत नेतात आणि शेवटच्या आठवड्यात पाय मोकळे करण्यापुरतेच धावतात. कारण सरळ आहे. श्रमाने शरीर प्रथम थकते, त्याच्या स्नायूंची सूक्ष्म झीज होते. विश्रांतीत ती झीज भरून निघते आणि त्या भरपाईतून बळ येते. त्याला दहा-पंधरा दिवस लागतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात केलेल्या कठोर श्रमाचे बळ शर्यतीच्या दिवशी हाती येत नाही, थकवा मात्र येतो. शेवटचे दोन-तीन दिवस भात, पोळी, बटाटा असा आहार वाढवितात, म्हणजे स्नायूंत शर्करेचा साठा होतो. तो साठा आपल्याबरोबर पाणीही धरून ठेवतो, त्यामुळे वजन किलो-दीड किलोने वाढते. धावणाऱ्याला पाय जड वाटू लागतात. कालपर्यंत न दुखलेला गुडघा दुखल्याचा भास होतो आणि सहा महिन्यांची कमाई हातातून निसटते आहे, असे वाटून जीव कासावीस होतो.

"आळस केल्यासारखे वाटते," ते म्हणाले. "पाप केल्यासारखे."

त्यांचा हा शब्द आमच्या मनात रुतून बसला. कष्ट हे पुण्य आणि थांबणे हे पाप, असे आपल्यापैकी कितीतरी जण मनोमन धरून चालतात. मग शेवटच्या घटकेला हात आवरून बसणे हा सद्गुण ठरू शकतो काय? आणि ठरत असेल, तर तो आळसापासून वेगळा ओळखायचा कसा?

आपल्या विदर्भातील संत्र्याच्या बागाइतदाराला हा प्रश्न नवा नाही. काटोल-वरुडकडे आंबिया बहार धरायचा असतो, तेव्हा ऐन डिसेंबर-जानेवारीत शेतकरी झाडांचे पाणी तोडतो. त्याला 'ताण देणे' म्हणतात. झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात. विहिरीत पाणी असते, शेतकऱ्याचे हात शिवशिवत असतात, पण तो पाणी सोडीत नाही. त्या थांबण्यात झाडाच्या फांद्यांत अन्नसाठा होतो, आणि पुढे योग्य वेळी पाणी मिळाले की झाड फुलांनी डवरते. ज्याने वर्षभर बागेकडे पाहिलेच नाही, त्याच्या बागेला केवळ पाणी तोडून बहार येणार नाही, हे मात्र खरे. दोन्ही शेतकरी बांधावर स्वस्थ बसलेले दिसतात, पण एकाच्या बसण्यामागे वर्षभराची मेहनत असते आणि दुसऱ्याच्या बसण्यामागे काहीच नसते.

प्रभू येशूचा दहा कुमारींचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. त्यातील एक बारकावा मात्र आमच्याही नजरेतून कित्येक वर्षे सुटला होता. वराला उशीर झाला, तेव्हा मूर्ख कुमारींनाच झोप लागली असे नाही. दहाही जणींना डुलकी लागली, दहाही झोपी गेल्या. शहाण्या कुमारींना प्रभू त्या झोपेचा दोष देत नाही. फरक होता तो तेलाचा. ज्यांच्याजवळ तेल होते, त्यांची झोप ही विश्रांती ठरली. ज्यांच्याजवळ नव्हते, त्यांना मध्यरात्री दुकानाकडे धावावे लागले, आणि त्या धावपळीतच दार बंद झाले. अखेरच्या क्षणीची धाव नेहमीच उत्साहाची खूण असते असे नाही. पुष्कळदा ती रिकाम्या भांड्याची खूण असते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा विचार सोयीचा होऊन बसेल. गेथशेमाने बागेत शिष्य झोपले, तेव्हा प्रभूने त्यांना हळुवारपणे पण स्पष्टपणे दोष दिला. प्रभूने त्यांना जागे राहण्यास सांगितले होते आणि त्याला त्या घटकेला त्यांची सोबत हवी होती. म्हणजे झोप स्वतः पुण्यही नव्हे आणि पापही नव्हे. या घटकेला आपल्याकडून काय मागितले आहे, हा खरा प्रश्न. उलट एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा उठवून खायला घातले, कारण पुढचा पल्ला लांबचा होता. मग त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालत होरेब पर्वतापर्यंत गेला. मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी पोटभर भात जेवून लवकर निजणारा धावपटू या संदेष्ट्याहून फार वेगळे काही करीत नाही!

कोणी म्हणेल, फादर, विसाव्याच्या या गोष्टी ज्यांना परवडतात त्यांच्यासाठी ठीक आहेत. मंगळवारी बाजारात भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला शेवटचा आठवडा कोठला आणि विसावा कोठला? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला आमच्याजवळ गुळगुळीत उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की, देवाने विश्रांतीची आज्ञा दिली, तेव्हा ती धन्यापुरती ठेवली नाही. दास, दासी, परदेशी, इतकेच काय, बैल आणि गाढव यांनाही तिच्यात धरले. तेव्हा ज्याला विसावा मिळतो, त्याने आपल्या घरी राबणाऱ्या बाईला तो मिळतो की नाही, हे पाहणे त्याच आज्ञेचा भाग आहे. दुसऱ्याच्या पाठीवर टाकलेल्या ओझ्याच्या बळावर आपण विसावत असलो, तर त्याला शब्बाथ म्हणता येणार नाही.

उपदेश करणाऱ्याने स्वतःचा हिशेबही द्यावा, म्हणून एक आठवण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध शिक्षक अंथरुणाला खिळले होते. जन्मभर रोज मिस्साला येणारा, रोज संध्याकाळी कुटुंबासह जपमाळ म्हणणारा तो मनुष्य. शेवटच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी रोज जात होतो. रुग्णाभ्यंग दिले, ख्रिस्तप्रसाद दिला, प्रार्थना म्हटल्या, नातेवाइकांना सूचना दिल्या, दफनविधीचीही चौकशी करून ठेवली. आमची नुसती धावपळ चालली होती. एके दुपारी आम्ही पुन्हा प्रार्थनेचे पुस्तक उघडले, तेव्हा त्यांची मुलगी हात जोडून म्हणाली, "फादर, बाबांजवळ थोडे नुसते बसाल का?" आम्ही बसलो. त्यांचा हात हातात घेतला. अर्ध्या तासात ते एकदाच डोळे उघडून आमच्याकडे पाहून हसले. त्या माणसाच्या दिव्यात साठ-सत्तर वर्षांचे तेल होते; आमच्या धावपळीने त्यात थेंबाचीही भर पडणार नव्हती. धावपळीची गरज त्यांना नव्हती, आम्हांला होती. मरणासमोर रिकाम्या हाताने बसण्याची आम्हांला भीती वाटत होती.

म्हणूनच त्या सोमवारी आम्ही त्या गृहस्थांना विचारले, "थांबल्यावर नेमके काय होते?" बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "माझे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. मला पुढच्या जूनमध्ये अठ्ठेचाळीस पूर्ण होतील. धावत असतो तोवर ते विसरतो. थांबलो की आठवते."

तेव्हा कोठे आम्हांला उमगले की, हा शर्यतीच्या वेळापत्रकाचा प्रश्न नव्हता. श्रम जोवर चालू आहेत तोवर सारे काही आपल्या हातात आहे, असा भास टिकतो. थांबलो की कळते, काही गोष्टी आपल्या हातात कधीच नव्हत्या. बी पेरून झाल्यावर शेतकरी रात्री निजतो, सकाळी उठतो आणि बी त्याला नकळत वाढते, असे प्रभू सांगतो. पेरलेले बी रोज उकरून पाहणाऱ्याच्या हाती पीक लागत नाही. मात्र न उकरण्यासाठी मातीवर विश्वास लागतो. आम्ही त्यांना म्हणालो, "जो तास धावण्यात जात होता, तो या आठवड्यात देवळात येऊन बसा. काही मागू नका. नुसते बसा."

ते 'हो' म्हणाले खरे. पण मंगळवारी रात्री त्यांच्याने राहवले नाही. फुटाळ्यापर्यंत जाऊन दोन फेऱ्या, एकूण वीस किलोमीटर धावून आले. बुधवारी संध्याकाळी लंगडत देवळात शिरले, तेव्हा पोटरी धरली होती. ते स्वतःवर भयंकर चिडले होते. नागपूरच्या मुख्यमंदिराचे आश्रयदाते संत फ्रान्सिस दि सेल्स यांची शिकवण त्या वेळी आमच्या मदतीला आली. इतरांशी सौम्यपणे वागावे, हे सर्वच सांगतात. या संताने स्वतःच्या चुकांशीही सौम्यपणे वागायला शिकविले. पडलो म्हणून स्वतःवर संतापणे हाही अहंकाराचाच एक प्रकार. पडल्यावर शांतपणे उठून पुन्हा देवाकडे वळावे, एवढेच आपले काम. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस ते गृहस्थ शेवटच्या बाकावर तासभर बसून राहिले. मग मुंबईची गाडी पकडली.

हे सारे मॅरेथॉनपुरते नाही, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा येतील. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाला आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागविणारे पालक प्रेमापोटीच तसे करतात. पण बहुधा ते स्वतःची भीती मुलाच्या खांद्यावर देत असतात. त्या रात्री मुलाला वेळेवर जेवू घालून, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देऊन निजविणे, ही अधिक कठीण आणि अधिक श्रद्धेची गोष्ट आहे. धावपटू शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालीत नाहीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवे पुस्तक आणि संकटाच्या आदल्या दिवशी नवा नवस यांचेही तसेच आहे. आणि ज्याच्याजवळ तेलच नाही, त्याने काय करावे? त्याने ते नाही, हे आजच मान्य करावे. दिवस आहे तोवर दुकान उघडे असते.

1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी धावणारे तरुण पाहून सर दोराबजी टाटा यांनी हिंदी खेळाडूंचा संघ ऑलिंपिकला पाठविण्याचा ध्यास घेतला. त्या संघातून बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पला मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्यांच्या आधी अठरा जण पोहोचले होते. तरीही शंभर वर्षांनंतर आपण त्यांचे नाव आदराने घेतो. संत पौलाने आपल्या आयुष्याची अखेर दिसू लागली तेव्हा धाव संपविल्याचे लिहिले. आपण कितवे आलो, ते लिहिले नाही.

24 जानेवारीला, संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या सणाच्या दिवशी, ते गृहस्थ मिस्सानंतर भेटले. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला पोटरीने दगा दिला. उरलेले अंतर कधी धावत, बरेचसे चालत, सहा तासांच्या आसपास पूर्ण केले. मंगळवारची किंमत मोजली, असे हसत म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "फादर, त्या तीन संध्याकाळी मी बाबांशी बोललो. सहा महिने धावलो, पण ते जमले नव्हते."

जूनमध्ये त्यांनी अठ्ठेचाळीस पूर्ण केली. त्या दिवशी सकाळी ते धावायला गेले नाहीत. पत्नी आणि मुलींना घेऊन मिस्साला आले आणि वडिलांसाठी मेणबत्ती लावून शेवटच्या बाकावर बसले.