वाघ दिसला नाही, मग काय दिसले?



उन्हाळ्याच्या सुटीत आपल्यातील एक कुटुंब ताडोब्याला जाऊन आले. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर मी त्यांच्या मुलाला सहज विचारले, "काय रे, काय काय पाहिलेस?" तो म्हणाला, "काहीच नाही दिसलं, फादर." आईने खुलासा केला, "वाघ दिसलाच नाही. पैसे वाया गेले बघा." पुढे बोलता बोलता कळले, की रानगव्यांचा कळप दिसला होता, तळ्यात मगर दिसली होती आणि मोर तर कुणी मोजलेच नव्हते. तरीही 'काहीच नाही'!

मी हसलो खरा, पण तो शब्द मनातून जाईना. पैसे भरून एखाद्या जागी गेलो, म्हणजे त्या जागेने आपल्याला काय देणे लागते? आणि आपण त्या जागेचे काही देणे लागतो का?

ताडोबा हे नाव कसे पडले, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे का? तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला, अशी गोंड आदिवासींची परंपरा आहे. लोकांनी त्याला देव मानले. तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे. १९५५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे व्याघ्रप्रकल्प आला. आज देशोदेशीचे लोक वाघासाठी येतात. पण जंगलाला नाव राहिले आहे ते वाघाने मारलेल्या माणसाचे.

ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे आटतात आणि वाघ उरलेल्या पाण्यावर येतो, म्हणून आपण त्याच दिवसांत जिप्सी ठरवतो. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यांतील गावोगावच्या बाया आधी मोहफुले वेचायला आणि मग तेंदूपाने तोडायला जंगलात जातात. त्या पैशावर पुढची पेरणी, पोरांची पुस्तके अवलंबून असतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या.

तोच प्राणी, तोच महिना. एक आई म्हणते, "देवा, आज वाघ दिसू दे." दुसरी आई म्हणते, "देवा, आज दिसू नको देऊ." देवाने कोणाचे ऐकावे?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी जाणून घेण्याच्या दोन वृत्तींत फरक केला. एक खरी जिज्ञासा. तिला त्यांनी सद्गुण म्हटले. दुसरी नुसती नवलाईची हाव. तिला त्यांनी दोष म्हटले. पाहणे वाईट नाही, पण पाहता पाहता मन निष्ठुर होऊ लागले तर ते पाहणे वाईट, असे ते सांगतात. सेमिनरीत हे शिकताना मला ते फार बारीक वाटले होते. आज ते ताडोब्याच्या फाटकावरच उभे आहे असे वाटते. ज्याला फक्त वाघच हवा, त्याला रानगवा दिसूनही दिसत नाही आणि डोक्यावर मोळी घेऊन रस्त्याच्या कडेने जाणारी बाईही दिसत नाही.

कोणी म्हणेल, "फादर, वर्षातून एक सहल. त्यातही मुलांना मरणाच्या गोष्टी सांगायच्या का?" आक्षेप खोटा नाही. सहल म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. आणि आपण गेलोच नाही तर ज्या गाइडचे, जिप्सीचालकाचे घर त्यावर चालते, त्याचे नुकसानच. म्हणून जाऊ नका, असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की गाइडला "वाघ कुठे आहे?" असे विचारण्याआधी "दादा, तुमचे गाव कोणते?" असे विचारा. नवेगाव, जामनी, बोटेझरी ही गावे एकेकाळी याच जंगलात होती. वाघाला मोकळी जागा मिळावी म्हणून ती बाहेर वसवली गेली. आपल्या आनंदाची किंमत तिकिटावर छापलेली असते. पण ती पूर्ण किंमत नसते.

जिथे तिकीटच नाही, तिथेही मुलांना न्या. आपण जटपुरा गेटमधून रोज हॉर्न वाजवत जातो. एका रविवारी गोंडराजांच्या त्या परकोटाच्या कडेने पायी चाला, अंचलेश्वर गेटपर्यंत. तिथे राणी हिराईने राजा बीरशहाची समाधी बांधली आहे, ती पाहा. हे बुरुज झुडपांनी आणि कचऱ्याने भरले होते. २०१७ पासून इको-प्रोच्या तरुणांनी श्रमदानाने ते साफ केले. पाहणाऱ्याने पाहून झाल्यावर झाडू हातात घ्यावा, हे जिज्ञासेचे फळ.

गडचिरोलीकडे जाणे झाले तर मार्कंड्याची देवळे आणि वैनगंगा पाहा. थोडे पुढे जाता आले तर आलापल्लीचे 'वनवैभव' पाहा. १९५३ पासून जपून ठेवलेला तो जंगलाचा तुकडा आहे. तिथे कोणी काही दाखवण्याचे वचन देत नाही. फक्त जुनी उंच झाडे आहेत, आणि मान वर करून उभे राहायचे आहे.

सृष्टी परमेश्वराने आपल्या हाती दिली ती राखण्यासाठी, असे आपण मुलांना कॅटेकिझमच्या वर्गात शिकवतो. राखायचे तर आधी नीट पाहायला हवे. आणि नीट पाहणाऱ्याला झाडामागचा माणूसही दिसतो.

पुढच्या वेळी त्या मुलाला मी पुन्हा विचारणार आहे. वाघ दिसला तर त्याच्याइतकाच मलाही आनंद होईल. पण गाइडदादांच्या गावाचे नाव त्याने सांगितले, तर सहलीचे पैसे वसूल झाले असे मी समजेन.

प्रभूत आपला,
तुमचे फादर