कसं आहे जी पुस्तक?

तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या गाडीत पुस्तक उघडले की गोबरवाही येईपर्यंत समोरचा कुणीतरी विचारतोच, "काय वाचून राह्यले जी?" हा प्रश्न मला आवडतो. त्यात माणसाची ऊब आहे. मी मुखपृष्ठ दाखवतो, लेखकाचे नाव सांगतो. पण मग दुसरा प्रश्न येतो, "कसं आहे जी पुस्तक?" आणि माझी जीभ जड होते. चाळीस वर्षे वाचतो आहे, तरी "चांगलं आहे" याच्या पलीकडे तोंडातून शब्द निघत नाही.

काहींना हा भिडस्तपणा वाटतो, काहींना शिष्टपणा. खरे कारण निराळे आहे. वाचलेल्या पुस्तकाविषयी चारचौघांत बोललो की बोललो तेवढेच माझ्याजवळ उरते. काही वर्षांपूर्वी 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या एका कार्यक्रमात, मी विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'वर वीस मिनिटे बोललो. 1939 साली आलेली ही छोटीशी कादंबरी मी तोवर तीनदा वाचली होती, आणि दर वेळी ती मला नवी भेटली होती. भाषण बरे झाले, टाळ्याही पडल्या. नंतर चौथ्यांदा वाचायला घेतली, तर बोटीवरच्या नायिकेच्या, हॅर्टाच्या आधी माझीच वाक्ये पुढे येऊन उभी राहू लागली. तिच्याबद्दल मी जे ठरवून टाकले होते त्याबाहेर तिला पाऊल टाकता येईना. मी पुस्तक मिटले. अजून ते पुन्हा उघडलेले नाही, आणि याचे मला मनापासून दुःख आहे.

आमच्या धानाच्या मुलखात ही गोष्ट समजायला कठीण जाऊ नये. नवा तांदूळ चुलीवर चढवला की भात गिचका होतो. तोच तांदूळ वर्षभर ठेवला, त्याच्या अंगातला ओलावा गेला, की दाणा दाण्यापासून सुटा शिजतो. म्हणून बाजारात जुन्याला भाव जास्त. वाचनानंतरच्या पहिल्या आठवड्यात मनात जे असते ते नव्या तांदळासारखेच असते. त्यात लेखक किती आणि आपण किती, हे वेगळे करता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे वाचन एकांतातले होतेच कधी? बरोबर आहे. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण श्रावणात घरी 'शिवलीलामृत' लागे तेव्हा ती पहिल्या रांगेत बसे. 1718 साली श्रीधरस्वामींनी पूर्ण केलेला तो ग्रंथ तिला कानांनी पाठ झाला होता. पोथी वाचणारा अवघड ओवीला थांबे, अर्थ सांगे, पुढे जाई. अध्याय संपला की आरती, प्रसाद, आणि मंडळी घरी. पोथी कशी वाटली, असे कुणी आजीला विचारल्याचे मला आठवत नाही. तिला काही वाटत नव्हते असे नाही. ऐकताना तिचे डोळे भरून येत. म्हणजे तेव्हा वाचन सगळ्यांचे होते आणि त्याचा परिणाम ज्याचा त्याच्यापाशी राहत होता. आज आपण नेमके उलटे केले आहे. वाचतो एकटे, आणि मत मात्र चव्हाट्यावर मांडतो, तेही पुस्तक संपायच्या आत.

चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानमध्ये अँब्रोस नावाचे बिशप होते. ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे, की अँब्रोस वाचत तेव्हा त्यांचे डोळे पानावरून फिरत, पण आवाज थांबलेला असे. भेटायला आलेली माणसे काही वेळ गुपचूप बसत आणि त्यांच्याशी न बोलताच निघून जात. मोठ्याने वाचायच्या त्या काळात हे ऑगस्टीनला टिपून ठेवावेसे वाटले. मला मात्र त्या पाहुण्यांचेच फार वाटते. वाचणाऱ्या माणसाला त्याच्या वाचनात राहू देणे हाही एक आदर आहे, आणि तो त्यांना ठाऊक होता.

तरी कुणीच बोलले नाही तर पुस्तके हिंडणार कशी, हा आक्षेप मी टाळणार नाही. याचे उत्तर मला जी. ए. कुलकर्णींमध्ये सापडते. धारवाडला इंग्रजी शिकवणारा हा माणूस सभा-समारंभांपासून आयुष्यभर दूर राहिला. पण त्यांची पत्रे वाचा. सुनीताबाई देशपांड्यांना लिहिताना ते पुस्तकांवर किती भरभरून बोलतात! त्यांचे मौन पुस्तकांविषयी नव्हते, गर्दीविषयी होते. समोर एकच माणूस असला, त्याचे वाचन आपल्याला ठाऊक असले, की चुकायची, अडखळायची, पुढच्या पत्रात मत बदलायची मोकळीक राहते. व्यासपीठावर ती मिळत नाही. तिथे ठाम बोलावे लागते, आणि पुस्तकाविषयी ठाम होणे म्हणजे त्याच्यापाशी जाणे थांबवणे.

'रणांगण' माझ्या हाती आले तेही असेच. शाळेतल्या एका गुरुजींनी पिशवीतून काढून दिले आणि म्हणाले, "हे वाच." पुढे एक शब्द नाही. परत द्यायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि दुसरे पुस्तक काढले.

तेव्हा तिरोडीच्या गाडीत कधी भेट झाली, तर मी काय वाचतो आहे ते जरूर विचारा. कसे आहे ते विचारू नका. तुमचा पत्ता द्या. वाचून झाले की पुस्तकच आणून देईन.