अरीयपगाची लहान टेकडी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १७:१६-३४



अथेनै शहरी जाणारा प्रवासी प्रथम अक्रोपोलिसचा डोंगर चढतो. त्या डोंगराच्या वायव्येस, त्याला लागूनच, एक उघडा खडक आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ११५ मीटर, म्हणजे अक्रोपोलिसहून चाळीसेक मीटर कमी. पुष्कळ लोक त्याच्या बाजूने तसेच पुढे जातात. हाच अरीयपग. खडकातील जुन्या पायऱ्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत. म्हणून बाजूला जिना बसवला आहे. पण जो वर चढतो त्याला मान वर करताच अक्रोपोलिसची भव्य बांधकामे दिसतात, आणि खाली जुना बाजारचौक दिसतो.

पौल येथे सीला व तीमथ्य यांची वाट पाहत एकटा होता. तरी तो स्वस्थ बसला नाही. तो शहरात फिरला, चौकात भेटेल त्याच्याशी रोज बोलला. फिरता फिरता त्याने अज्ञात देवाच्या नावाची वेदी पाहिली, आणि पुढे बोलण्याचा आरंभ तिच्यापासूनच केला. ज्या सभेपुढे त्याला नेले ती या टेकडीच्याच नावाने ओळखली जाई. ती वर भरली की खाली चौकात, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण देव हातांनी बांधलेल्या मंदिरांत राहत नाही, हे त्याने सांगितले तेव्हा डोंगरावरचे पार्थेनॉन मंदिर जवळजवळ पाचशे वर्षांचे जुने होते.

फळ काय मिळाले? काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा ऐकू म्हटले, थोड्यांनी विश्वास ठेवला. त्यांत दोनच नावे आली आहेत : दिओनुस्य अरीयपगकर आणि दामारी. नव्या करारात अथेनैकरांस लिहिलेले पत्रही नाही. आज मात्र अक्रोपोलिसच्या पश्चिमेच्या पायवाटेला प्रेषित पौलाचे, व दक्षिणेच्या वाटेला दिओनुस्याचे नाव आहे. पौल नावासाठी बोलला नव्हता. परंतु देवाने ते थोडके वाया जाऊ दिले नाही.

बेळगाव, इंदूर, बडोदे येथील आमच्या कित्येक मंडळ्या लहान आहेत. शब्बाथ शाळेत कधी सातच मुले असतात. मग आम्ही मोठ्या शहरांतील मोठ्या मंदिरांकडे पाहून खंत करतो. बंधूंनो, उणीव संख्येची नाही, पाहण्याची आहे. आपल्या गल्लीतून आम्ही रोज जातो; पण शेजाऱ्याच्या मनातील अज्ञात वेदी आम्ही पाहिली आहे काय? त्याचे दुःख, त्याचा शोध आम्हांस ठाऊक आहे काय?

शिक्षकहो, या आठवड्यात आपल्या वर्गातील एकेका मुलाच्या घरी पायी जा. आधी ऐका, मग बोला. लहान टेकडीवरून जे दिसते ते पाहण्यास प्रभू आम्हांस डोळे देवो. आमेन.