आधीं श्रवण

ज्ञान सांगणें हें थोरांचें काम आणि ऐकणें हें शिष्यांचें, अशी आपली रूढ समजूत आहे. ख्रिस्ती शास्त्रांतील एक लहानशी हकीकत या समजुतीच्या आड येते. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकांत अपुल्लोस नांवाचा अलेक्झांड्रियाचा पंडित भेटतो. तो वक्ता मोठा, शास्त्रांत पारंगत. परंतु त्यास बाप्तिस्मा ठाऊक होता तो योहानाचाच. इफिस येथील सभास्थानांत अक्विल्ला व प्रिस्किल्ला या तंबू करणाऱ्या दांपत्यानें त्याचें भाषण ऐकलें. त्याचें उणें त्यांच्या ध्यानीं आलें. पण त्यांनीं त्यास चारचौघांत अडविलें नाहीं. आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. पंडितानें कारागिरांचें ऐकलें याचें कौतुक सर्वच करितात. मला त्याहून मोलाचें वाटतें तें हें कीं, सांगण्यापूर्वीं त्या दोघांनीं त्याचें ऐकलें होतें. म्हणूनच नेमकें काय सांगावयाचें हें त्यांस कळलें.

आपल्या भाषेंतील एका थोर ग्रंथाचा जन्महि असाच ऐकण्यांतून झाला. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. मधलीं सदतीस वर्षें कशांत गेलीं? पुष्कळशीं, मी म्हणेन, कान देण्यांत. येथील लोकांची बोली त्यानें शिकून घेतली, तिचें व्याकरण रचिलें, आणि आपली कथा सांगण्यास छंद निवडला तो ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ग्रंथांमुळें घरोघर परिचित झालेला ओवीचा. परक्या माणसास हा छंद नुसत्या पुस्तकांतून साधेल, हें मला तरी संभवनीय वाटत नाहीं.

ग्रंथाच्या आरंभीं साष्टींतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस प्रश्न करितो. त्याचा आशय असा: तुम्हीं आमचीं पूर्वींचीं पुराणें वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण कां दिलें नाहींत? सुमारें अकरा हजार ओव्या हें या प्रश्नाचें उत्तर आहे. असें उत्तर देणारा गुरु विरळाच.

तथापि त्या प्रश्नांत मागणीबरोबर एक व्यथाहि आहे. जुनीं पुराणें लोकांनीं आपण होऊन टाकिलीं नव्हतीं. तीं वर्ज्य करणारी सत्ता स्टीफन्सच्याच धर्मसंस्थेची होती. त्यानें मागणी ऐकली. व्यथा ऐकली काय? माझ्या मतें त्यानें अर्धेंच ऐकलें. आम्हां ख्रिस्ती म्हणविणारांस हें कबूल करणें जड जातें, कारण आपण दिलेलें दान आठवतांना आपण काय हिरावून घेतलें तें विसरण्याची सोय असते.

त्याच्यामागून आलेल्यांनीं तर तेवढेंहि ऐकलें नाहीं. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें फर्मान काढून लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असें ठरविलें. पहिल्या छापील आवृत्तीची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. १९०७ सालीं जोसेफ साल्डाना यांनीं मंगळूर येथें हें पुराण पुन्हां छापविलें, तें हस्तलिखितांवरून. आणि तीं हस्तलिखितें, एकेक ओवी हातानें उतरून, त्या ऐकणाऱ्या लोकांनींच राखिलीं होतीं.