हात कोणाचा?

जी कलाकृति अद्याप बाहेर पडलेली नाहीं तिच्याविषयीं तर्क करीत बसणें हा रिकाम्या मनाचा उद्योग आहे, असें पुष्कळांचें मत असतें. व परवापरवापर्यंत आमचेंही तेंच होतें. गेल्या वैशाखांत डहाणूस जाण्याचा योग आला नसता तर तें तसेंच राहिलें असतें. विरारच्या पुढें गाडींतील गर्दी ओसरली आणि आमच्या समोरच्या बाकावर दोन विद्यार्थी येऊन बसले. बोर्डी-डहाणूकडचीच मुलें असावींत. दोघांच्या मध्यें एक मोबाइल होता व त्यावर चार चित्रें होतीं. त्या चार चित्रांवरून पालघर येईपर्यंत जो वाद रंगला तसा वाद आम्हीं साहित्यसंमेलनाच्या मंडपांतही क्वचितच ऐकला आहे.

वादाचा विषय होता एक येऊं घातलेली चित्रकादंबरी. हिला इंग्रजींत ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हणतात व जपानांत या प्रकारानें चांगलेंच मूळ धरलें आहे. पडद्यावर पात्राचें चित्र स्थिर उभें असतें, खालीं त्याचें बोलणें उमटतें, आणि मधूनमधून दोन वाटा समोर येतात. वाचक जी वाट निवडील तिकडे कथा वळते. या कादंबरीचें एक अक्षरही प्रसिद्ध झालें नव्हतें. लेखक कोण, पात्रें कोणीं रेखिलीं, हें निर्मात्यांनीं मुद्दाम गुलदस्त्यांत ठेविलें होतें. तरी एक मुलगा ठासून सांगत होता कीं, डोळ्यांची ही ठेवण व अंगरख्याच्या बाह्यांची ही घडी अमक्याचीच. दुसरा म्हणे, रंग त्याचे नव्हेत, हा त्याचा कोणी शिष्य असेल. कोदाका आणि कोमात्सुझाकी हीं नांवें वारंवार निघत होतीं. काझुताका कोदाका हा ‘दांगानरोन्पा’ या कथामालेचा लेखक व रुई कोमात्सुझाकी हा तिच्यांतील पात्रांचा रेखाटनकार. ही जोडी २०२५ सालीं ‘द हंड्रेड लाइन’ नांवाच्या, शंभर शेवट असलेल्या कथेंत पुन्हा एकत्र आली, व त्या वेळीं कोतारो उचिकोशी हा आणखी एक लेखक कोदाकाच्या सोबतीस होता. शंभर शेवटांपैकीं कोणता कोणाच्या लेखणींतून उतरला असेल, यावरही या दोघांचा मतभेद होताच!

न राहवून आम्हीं विचारलें, “तुम्ही कादंबरीची वाट पाहतां कीं आपला तर्क खरा ठरण्याची?”

“दोन्हींची, काका,” एक हंसून म्हणाला. उत्तर प्रामाणिक होतें.

आणि यांत नवें तें काय? हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ सुरू केलें व त्यांत यमूची कहाणी तिच्याच तोंडून क्रमाक्रमानें येऊं लागली. दोन अंकांच्या मधल्या दिवसांत घरोघर यमूचें पुढें काय होणार याची चर्चा झाली नसेल असें कोण म्हणेल? गडकऱ्यांनीं कवितेस गोविंदाग्रज व विनोदास बाळकराम असे दोन निराळे मुखवटे घातले, तेव्हां दोहोंच्या मागचा चेहरा एकच आहे हें ताडण्यांत एक प्रकारचा आनंद होता. तर्क करणें हें वाचनाचेंच एक अंग आहे. ज्यानें शंभर चित्रें मन लावून पाहिलीं नाहींत त्यास एकशें पहिल्या चित्रांतला हात ओळखतां येत नाहीं. त्या दोन मुलांना कोणीं हें शिकविलें नव्हतें, त्याबद्दल त्यांस गुण मिळावयाचे नव्हते. केवळ आवडीनें त्यांनीं डोळा तयार केला होता. बाहीच्या घडीवरून मनुष्य ओळखणाऱ्या पोरांस आम्ही रिकामटेकडीं समजत होतों, हा आमचा अन्याय.

परंतु या आनंदाला एक कीड लागते. कृति बाहेर येईपर्यंत तर्क हा पाहुण्यासारखा असतो. ती बाहेर आली कीं तो सावकार होऊन दारांत उभा राहतो. आम्हीं जो शेवट कल्पिला तो कां नाहीं, आम्हीं जो चेहरा धरून ठेविला तो कां बदलला, असा तगादा सुरू होतो. १९३६ सालीं प्रभातच्या ‘संत तुकाराम’ मध्यें विष्णुपंत पागनीसांनीं तुकोबांची भूमिका केली आणि महाराष्ट्राच्या मनांत तुकोबांस पागनीसांचा चेहरा कायमचा चिकटला. पुढें ज्या ज्या नटानें ती वीणा हातीं घेतली त्यास प्रथम पागनीसांचें देणें फेडावें लागलें. वास्तविक तुकोबांचा चेहरा कोणीं पाहिला आहे? पण न पाहिलेल्या चेहऱ्याविषयीं मनुष्य जितका हट्टी असतो तितका पाहिलेल्याविषयीं नसतो.

इतका विचार करून आम्ही विषय संपविला असता. पण दुसऱ्या दिवशीं आमचे एक शिक्षक-मित्र आम्हांस तलासरीकडील एका पाड्यावर लग्नास घेऊन गेले आणि तेथें प्रश्न उलटा होऊन समोर आला.

घर विटांचें होतें; तरी एक भिंत शेणानें सारवून गेरूनें तांबडी केली होती व तीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानें चौक लिहिला जात होता. लिहिला हाच शब्द आम्ही मुद्दाम योजतों. आपल्या जुन्या मराठींत चित्र लिहीतच असत. पाठमोऱ्या बसलेल्या चारपांच सवाशिणी बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्यानें चौकोनाच्या कडा भरीत होत्या. चौकोनाच्या आंत पालघाट देवी यावयाची. बाहेर झाडें, माणसें, जनावरें. माणूस म्हणजे टोकाशीं जोडलेले दोन त्रिकोण, वर एक वाटोळें डोकें. डोळे नाहींत, नाक नाहीं, मुद्रा नाहीं. तरी कोण नाचतें आहे, कोण ओझें वाहतें आहे, कोण दमलें आहे, हें कमरेच्या नुसत्या कलावरून कळतें. लग्न लावावयाचें तें धवलेरीनें, गाण्यांतून. आणि हा चौक झाल्यावांचून लग्नास पूर्तता नाहीं.

गाडींतील मुलांचा प्रश्न आमच्या जिभेवर होताच. आम्हीं एका वृद्ध बाईस विचारलें कीं, आजी, हें झाड कोणीं काढलें? तिनें सवाशिणींकडे बोट दाखविलें. त्यांतल्या कोणीं, असें पुन्हा विचारतांच ती आमच्याकडे जरा कींव केल्यासारखी पाहूं लागली. लग्नांत भात कोणीं शिजविला हें जसें कोणी विचारीत नाहीं तसाच आमचा प्रश्न तिला वाटला असावा. येथें वाट पाहणें होतें, उत्सुकता होती, पोरें भिंतीपाशीं गर्दी करून काय काय उमटतें तें पाहत होतीं. पण हात कोणाचा, ही जिज्ञासाच नव्हती.

येथें एखादा निबंधकार हर्षभरित होऊन म्हणेल कीं, पाहा, ही खरी निरहंकार कला. नांवाचा हव्यास ही शहराची व्याधि! आम्हांसही क्षणभर तसें म्हणण्याचा मोह झाला. पण पुढचा इतिहास इतका सोयीचा नाहीं. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत भास्कर कुळकर्णी हे चित्रकार या भागांत आले, त्यांनीं कागद व रंग दिले, आणि भिंतीवरचें चित्र प्रथमच घराबाहेर पडलें. त्यांतून डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे जगापुढें आले. मासेमारीच्या जाळ्याची त्यांचीं चित्रें ज्यानें पाहिलीं आहेत, त्यास त्या हजारों बारीक रेघांतून एकच हात फिरला आहे हें सांगावें लागत नाहीं. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. त्यांच्या थोरवींत आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु एक गोष्ट मनांतून जात नाहीं. जोंपर्यंत चित्र भिंतीवर होतें तोंपर्यंत तें मुख्यतः स्त्रियांचें होतें व त्यास नांव नव्हतें. तें कागदावर आलें, त्यास किंमत आली, तेव्हां खालीं सही आली आणि ती बहुतेक पुरुषांची आली. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली, तिनें जमातीचें नांव राखिलें. पण जमातीच्या नांवानें कोणा एकीच्या चुलींत लांकूड पडत नाहीं. ज्या पिढ्यांनीं रेघ घडविली त्यांच्यांतील एकीचेंही नांव आज आपणांस सांगतां येत नाहीं, कारण कोणी विचारलेंच नाहीं. न विचारणें ही प्रत्येक वेळीं नम्रताच असते असें नाहीं. कित्येकदां तो निव्वळ निष्काळजीपणा असतो.

मग विचारावें कीं विचारूं नये? या ठिकाणीं आमची स्वतःची एक जुनी गोष्ट सांगणें भाग आहे, व ती सांगण्यांत आम्हांस भूषण नाहीं. पंचवीसएक वर्षांपूर्वीं आमच्या गांवांतील एका लहानशा मासिकांत टोपणनांवानें एक लेख आला. सासरीं होणाऱ्या अपमानाची ती कहाणी इतकी शांतपणें लिहिलेली होती कीं वाचतांना लाज वाटावी. आम्हीं तो दोनदां वाचला आणि एका शब्दावरून, वाक्य अर्धवट सोडून देण्याच्या एका लकबीवरून, लेखिका ओळखली. ती आमच्या ओळखीची होती. सायंकाळच्या बैठकींत आम्हीं आपली ही चतुराई मित्रांस सांगितली; नांवासकट. आठ दिवसांत तें नांव ज्या घरीं जावयास नको होतें त्या घरीं गेलें. त्या बाईंनीं पुन्हा कांहीं लिहिलें नाहीं. पुढें एकदां त्या आम्हांस बाजारांत भेटल्या तेव्हां इतकेंच म्हणाल्या, “तुम्ही फार बारकाईनें वाचतां.”

तर्क बरोबर होता, हेंच त्यांतलें वाईट. तो चुकला असता तर कोणाचें कांहीं गेलें नसतें. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालें तेव्हां ही विभावरी शिरूरकर कोण, यासाठीं साऱ्या महाराष्ट्रानें जो पाठलाग मांडला त्याच्या आठवणी वाचतांना आम्हांस नेहमीं तो बाजार आठवतो. पुस्तकांत सुशिक्षित अविवाहित मुलींची घुसमट होती. ती खरी कीं खोटी हा विचारण्याजोगा प्रश्न होता. लोकांनीं विचारलें तें भलतेंच. बाळूताई खरे म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर यांनीं तें वादळ सोसलें व त्या लिहीत राहिल्या, हें मराठीचें भाग्य. सोसतां न आलेल्या किती जणी गप्प झाल्या याची नोंद कोठें असणार?

तेव्हां आमच्या मतें प्रश्न जिज्ञासेचा नसून पडद्याचा आहे. पडदा कोणीं घातला व तो कोणाच्या उपयोगाचा, हें आधीं पाहावें. बाईंच्या लेखावरचा पडदा त्यांनीं स्वतः जिवाच्या भीतीनें घेतला होता. तो ओढणारा मनुष्य रसिक नव्हे. त्या जपानी कादंबरीवरचा पडदा विक्रेत्यानें गंमत वाढावी म्हणून टांगला आहे व प्रसिद्धीच्या दिवशीं तोच तो काढणार आहे. त्याच्या फटींतून डोकावणाऱ्या मुलांनीं कोणाचें कांहीं नेलें नाहीं, उलट त्याची जाहिरात फुकट केली. चौकाच्या भिंतीवर पडदाच नाहीं. तेथें नांव नाहीं कारण त्या क्षणीं त्याची गरज कोणास वाटली नाहीं. पण तीच रेघ टोपलीवर, साडीवर, चहाच्या पेल्यावर छापून विकली जाते आणि नांव तेव्हांही नसतें, त्या वेळीं तो पडदा व्यापाऱ्याचा असतो; आणि तेथें हात कोणाचा हें न विचारणाराही त्यांत सामील असतो. एकच प्रश्न एका दारीं आगळीक ठरतो व दुसऱ्या दारीं कर्तव्य, हें आम्हांस बैठकींतल्या त्या सायंकाळीं कळलें असतें तर!

कोणी म्हणेल, पडदा कोणाचा हें बाहेरच्यास कसें कळावें? नेहमीं कळत नाहीं, हें खरें आहे. टोपणनांव भीतीनें घेतलें कीं हौसेनें, हें पुस्तकाच्या पाठीवर लिहिलेलें नसतें. अशा वेळीं ओळखावें, पण ओळखलेलें आपल्यापाशीं ठेवावें. ओळखण्याचें सुख त्यानें कमी होत नाहीं. फक्त मित्रांत मिरवतां येत नाहीं, आणि बहुधा तेंच आपणांस नको असतें.

परत येतांना डहाणू स्टेशनावर तीं दोन मुलें पुन्हा दिसलीं नाहींत. दिसतीं तर त्यांस आम्ही एक चित्र दाखविणार होतों. तें आम्हीं कांहीं वर्षांपूर्वीं मुंबईच्या एका दुकानांत घेतलें व तें आमच्या बैठकीच्या खोलींत टांगलेलें आहे. त्याचा फोटो मोबाइलमध्यें होता. तारपा वाजविणाऱ्याभोवतीं नाचाचा वेढा आहे, आणि वेढ्याच्या शेवटीं एक मूल आहे. त्याचा एक पाय इतरांच्या उलट दिशेस पडला आहे. ती चूक नव्हे. कोणीतरी तें मूल पाहिलेलें आहे. चित्राच्या कोपऱ्यांत सही नाहीं, व दुकानदारानें त्या वेळीं नुसतें वारली एवढेंच सांगितलें आणि आम्हांसही तें पुरेसें वाटलें. तलासरीच्या शिक्षक-मित्रांकडे आतां त्याची एक मोठी प्रत पाठविली आहे. गंजाडपासून तलासरीपर्यंत चित्रें काढणारीं जीं घरें त्यांच्या ओळखीचीं आहेत त्यांपैकीं कोणास तो उलटा पाय ओळखतां येतो का, तें ते पाहणार आहेत.