रांगेतील नाव

आपल्या समाजात असे घर विरळाच, जेथे आई, मावशी, आत्या किंवा वहिनी यांपैकी कोणी ना कोणी परिचारिका नाही. मुंबईच्या इस्पितळांत रात्रपाळ्या करून आपल्या स्त्रियांनी मुले शिकवली, आणि पुढे देश सोडला तेव्हा याच विद्येने परक्या मुलखात अनेक घरांची चूल पेटती ठेवली. म्हणून आज आम्ही जो प्रश्न मांडत आहोत तो कोणा परक्याचा नाही. प्रश्न असा: सरकारी नर्सिंग कॉलेजात फी थोडी, पण जागेसाठी वर्ष-दोन वर्षे थांबायचे. खाजगी कॉलेजात जागा उद्याच, पण फी छाती दडपून टाकणारी. अशा वेळी कर्ज काढून रांग सोडणे योग्य की अयोग्य?

आम्हाला हा प्रश्न भेटला तो सिंगापुरात. तेथील वॉटर्लू स्ट्रीटवर १८७८ साली उघडलेले मागेन अबोथ हे सिनेगॉग आहे. शब्बाथच्या प्रार्थनेनंतर मागून शुद्ध ठाण्याच्या मराठीत हाक आली, "तुम्ही आपलेच ना?" बाई आपल्याच समाजाच्या, आणि जवळजवळ तीस वर्षे सिंगापुरात परिचारिका. दुसऱ्या दिवशी रविवार होता. "लिटिल इंडियात या, चहा पाजते," म्हणाल्या. आम्ही गेलो.

रविवारी सेरंगून रोडवर पाय ठेवायला जागा नसते. आठवडाभर बांधकामावर आणि गोदीत राबलेले तमिळ आणि बंगाली मजूर सुटीसाठी तेथे जमतात. टेक्का बाजाराशेजारी बफेलो रोड आहे, आणि थोडे पुढे गेले की बेलिलिओस रोड. हे बेलिलिओस कलकत्त्याहून आलेले ज्यू व्यापारी, धंदा गुराढोरांचा. एके काळी हा सगळा भाग गोठ्यांचा होता. जवळच्या प्रसिद्ध प्रसूतिगृहाचे मूळ नावही 'कंडांग केरबाऊ', म्हणजे मलय भाषेत म्हशींचा गोठा. लोक त्याला 'केके' म्हणतात. १९२४ पासून ते प्रसूतिगृह आहे, आणि १९६६ या एका वर्षात तेथे ३९,८३५ बाळे जन्मली. जगात त्या वेळी कोणत्याही एका प्रसूतिगृहात इतकी बाळंतपणे होत नव्हती. १९९७ मध्ये ते नव्या इमारतीत गेले. बाई तिकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वर्षाला चाळीस हजार, म्हणजे दिवसाला शंभराच्या वर. एकाही बाळाने सांगितले नसेल की मी यादीत नाव घालून थांबतो."

मग चहा आला आणि त्यांनी मनातले काढले. त्यांचा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याची मुलगी बावीस वर्षांची. तिला परिचारिका व्हायचे आहे, आत्यासारखी. तेथील कम्युनिटी कॉलेज म्हणजे सरकारी कॉलेज. रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर फी. शरीररचना, जंतुशास्त्र वगैरे आधीचे विषय तिने चांगल्या गुणांनी पुरे केले, पण प्रत्यक्ष नर्सिंगच्या वर्गासाठी तिचे नाव यादीत पडून आहे. दोन वर्षे झाली, अजून दोन लागतील म्हणतात. दरम्यान ती एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करते. एक खाजगी कॉलेज तिला लगेच घ्यायला तयार आहे, पण सगळा खर्च लाख डॉलरांच्या घरात. भावाने बहिणीला फोन केला आणि तिच्या पुंजीतील काही रक्कम मागितली.

"पैशांचे मी पाहीन," बाई म्हणाल्या. "पण मन घेत नाही. मीसुद्धा थांबले होते हो. मुंबईला सरकारी इस्पितळात जागा मिळेपर्यंत दीड वर्ष शेजारच्या डॉक्टरांकडे केसपेपर लिहीत बसले. मग जागा मिळाली. फी नाही, राहायला वसतिगृह, वर विद्यावेतन. माझ्यामागे बाप उभा नव्हता, पण सरकार उभे राहिले. आणि आता माझ्याच घरची मुलगी पैसे टाकून पुढे जाणार? तिच्या पुढे यादीत उभ्या असलेल्या मुलीला काय वाटेल?"

हा आक्षेप आम्हाला हलका वाटला नाही. जी स्त्री स्वतः रांगेत उभी राहून वर आली, तिला रांगेबद्दल आदर असणारच. रांग ही गरिबाची इज्जत असते. तेथे श्रीमंताच्या मुलीच्या पुढे गरिबाची मुलगी उभी असू शकते, आणि तिला कोणी मागे ढकलू शकत नाही. वशिला लावून जो मध्ये घुसतो तो मागच्या प्रत्येकाचा एकेक दिवस चोरतो. हे आपण मुलांना शिकवत आलो आहोत, आणि ते बरोबरच आहे.

पण रांगेत घुसणे आणि रांग सोडून जाणे या दोन गोष्टी एक नाहीत. ही मुलगी खाजगी कॉलेजात गेली तर सरकारी यादीत कोणाच्या पुढे जाणार आहे? कोणाच्याच नाही. उलट तिच्या मागच्या सर्व मुली एकेक पायरी वर सरकतील. रेशनच्या रांगेतून एकाने उठून बाजारभावाने तांदूळ घेतले, तर मागच्याचे तांदूळ कमी होत नाहीत.

येथेच थांबलो असतो तर आमचे उत्तर फार सोपे झाले असते. परंतु बाईंनी आम्हाला अडवले. "तांदळाचे ठीक आहे. पण नर्सिंग वर्गात बसून शिकता येत नाही. वॉर्ड लागतो, रोगी लागतो, शिकवणारी सिस्टर लागते. वॉर्ड तेवढेच आहेत. खाजगी कॉलेजाने ते घेतले तर सरकारी मुली कुठे शिकणार?" बाईंचे म्हणणे खरे आहे. कॅलिफोर्नियात इस्पितळांतील प्रशिक्षणाच्या जागांसाठी कॉलेजाकॉलेजांत ओढाताण चालते. म्हणजे दुकाने दोन असली तरी कोठार काही अंशी एकच. तेव्हा रांग सोडणाऱ्याने 'मी कोणाचे काहीच घेतले नाही' असे छातीवर हात ठेवून म्हणू नये.

मग रांग इतकी लांब का होते? मुली जास्त आणि गरज कमी, असे तर मुळीच नाही. अमेरिकेतील नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने दिलेला २०२१ सालचा आकडा पाहा: पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांसाठी आलेले ९१,९३८ पात्र अर्ज परत पाठवले गेले. (एकाच मुलीचे अनेक अर्ज असतात, म्हणून मुली इतक्या नव्हेत.) कारणे सांगितली जातात ती शिक्षकांची कमतरता, वॉर्डांतील जागांची कमतरता आणि पैशांची कमतरता. शिक्षक का कमी? कारण अनुभवी परिचारिकेला शिकवण्यापेक्षा रोग्याच्या खाटेपाशी जास्त पगार मिळतो. म्हणजे इस्पितळे परिचारिकांसाठी हाका मारत आहेत, मुली दाराशी उभ्या आहेत, आणि दार उघडणारे हात अपुरे आहेत. अशा रांगेत उभे राहण्याने कोणाचे भले होते? ज्या रांगेच्या शेवटी वस्तू मोजकीच असते तेथे थांबणे हा न्याय आहे. ज्या रांगेच्या शेवटी गरज वाट पाहत असते, तेथे थांबणे हा बहुतेक वेळा केवळ तोटाच असतो, आणि तो मुलीइतकाच रोग्याचाही असतो.

तोट्याचा हिशेबही करून पाहू. कॅलिफोर्नियात परिचारिकेचा सरासरी वार्षिक पगार लाख डॉलरांच्या वर आहे. मुलगी आणखी दोन वर्षे थांबली तर दोन वर्षांचा पगार मागे पडला. मदतनीस म्हणून ती मिळवते ते त्यातून वजा केले तरी खाजगी कॉलेजाची फी त्यापेक्षा फार मोठी ठरत नाही. तेव्हा 'सरकारी जागा फुकट आणि खाजगी महाग' हे पुरते खरे नव्हे. एका ठिकाणी किंमत पैशांत द्यायची, दुसऱ्या ठिकाणी वयात. सिंगापुरातही हेच दिसते. तेथे सरकारी शिक्षण-अनुदान घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला नंतर तीन वर्षे तेथेच नोकरी करण्याचे बंधन लिहून द्यावे लागते. आमच्या बाईंनीही मुंबईत बाँड लिहून दिलाच होता. दोहोंत फरक आहे तो सावकाराचा. बाँडवाल्याला मुलगी वर्षे देते, बँकेला हप्ते देते.

पण हिशेब जुळला म्हणून नीती जुळली असे होत नाही. आमच्या मते तीन गोष्टी पाहिल्याशिवाय घरच्यांनी पैसा बाहेर काढू नये.

पहिली गोष्ट: आपण नेमके काय विकत घेतो? प्रवेशाची वाट पाहण्याचा वेळ विकत घ्यायला हरकत नाही. शिकण्याचा वेळ मात्र विकत घेता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले की फ्लोरिडातील तीन नर्सिंग शाळांनी सात हजारांहून अधिक बनावट प्रमाणपत्रे विकली होती. ज्यांनी ती घेतली त्यांपैकी काही जण परवान्याची परीक्षाही पास झाले. आपल्या आईच्या हातात सुई टोचणारी परिचारिका अशी असेल तर? म्हणून खाजगी कॉलेज निवडताना इमारत पाहू नये, जाहिरात पाहू नये. राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का ते पाहावे. कॅलिफोर्नियाचे बोर्ड प्रत्येक कॉलेजाच्या किती मुली परवान्याच्या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात पास झाल्या ते जाहीर करते, आणि हे प्रमाण किमान ७५ टक्के असावे असा नियम आहे. वॉर्डात किती तास आणि कोणत्या इस्पितळात, हेही विचारावे. जे कॉलेज याचे उत्तर टाळते त्याच्या दारातून परत फिरावे.

दुसरी गोष्ट: कर्ज कोणाचे? बाप घर गहाण टाकतो, आत्या पुंजी मोडते, आणि जिला ओझे वाहायचे तिला आकडाच ठाऊक नसतो. हे प्रेम असेल, पण न्याय नाही. मुलीला व्याजासकट हिशेब मांडून दाखवावा आणि मग विचारावे, "बाळा, हे तुला हवे आहे का?" हप्ते डोक्यावर असलेली मुलगी कमी पगाराच्या पण आवडीच्या कामाला सहज जाऊ शकत नाही, हेही तिला आधी कळले पाहिजे.

आणि नातेवाइकांनी द्यायचेच ठरवले तर कसे द्यावे? आपल्या धर्मात आपल्या माणसाला दिलेल्या उसन्यावर व्याज घ्यायचे नाही. मैमोनिदीस या आपल्या महापंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत सर्वांत वरची ही की माणसाला देणगी, उसने, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करावे की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. नर्सिंगची फी भरण्याइतके या पायरीला शोभणारे दुसरे काय असेल?

येथे आम्हाला डॉ. जेरुशा झिराड यांची आठवण होते. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांपैकी कित्येकांचा जन्म त्यांच्या देखरेखीखाली झाला असेल. लंडनला जाऊन उच्च वैद्यकीय शिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती तेव्हा स्त्रियांना मिळत नसे. सरकारचे मन वळेपर्यंत घरी बसायचे ठरवले असते तर मुंबईला तो डॉक्टर लाभला नसता. त्या कर्जाऊ पैशांवर निघाल्या. पुढे हिंदुस्थान सरकारने शिष्यवृत्ती दिली, आणि ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार सांभाळला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी रांग मोडली नाही. जेथे स्त्रियांना रांगच नव्हती तेथे त्या उभ्या राहिल्या, आणि मागून येणाऱ्यांसाठी दार उघडे करून गेल्या.

यातूनच आमची तिसरी गोष्ट निघते: जो पुढे जातो त्याच्यावर मागे राहिलेल्यांचे काही देणे राहते. हे देणे फेडायचे दोन मार्ग आम्हाला दिसतात. एक अगदी साधा. खाजगी कॉलेजात नाव घातले त्याच दिवशी सरकारी यादीतून आपले नाव स्वतः काढून घ्यावे. पुष्कळ घरे 'असू द्या, न जाणो' म्हणून ते तसेच ठेवतात, आणि मागची मुलगी अडलेल्या नावामागे विनाकारण अडून राहते. रांग सोडणे दोष नाही. रांग सोडून जागा अडवून ठेवणे हा दोष आहे. दुसरा मार्ग लांबचा. रांग शिक्षकांवाचून लांबली आहे, तर या मुलीने परिचारिका झाल्यावर कधीतरी काही वर्षे, पगार थोडा कमी घेऊन, शिकवावे. ज्या वॉर्डाची जागा आपण घेतली तेथे दुसऱ्या दोघी उभ्या कराव्या.

आम्ही हे सारे बाईंना सांगितले. त्यांनी चहाचा पेला बाजूला सारला आणि बराच वेळ बाहेर पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "मला राग कशाचा येत होता ते आता कळले. मी दीड वर्ष थांबले, म्हणून तिनेही थांबावे, असे मला वाटत होते. त्यात न्याय कुठला? माझे दीड वर्ष गेले ते गेलेच."

आम्ही परतल्यानंतर महिन्याने त्यांचे पत्र आले. कॉलेजाची मान्यता आणि निकाल त्यांनी स्वतः पाहिले. फीचा अर्धा भाग त्या बिनव्याजी उसना देणार आहेत, अर्धे कर्ज मुलगी स्वतःच्या नावावर काढणार आहे. अट एकच घातली होती, ती नाव काढण्याची. मुलीने नाव काढले. कॉलेजाच्या कचेरीतील बाईने तिला विचारले, "नक्की ना? पुन्हा घालायचे झाले तर शेवटी जावे लागेल." ती नक्की म्हणाली, आणि घरी येऊन आत्याला फोनवर आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आत्या, माझ्या मागची मुलगी आता पुढे."

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या मुली शिकतील, आणि कर्ज काढूनही शिकतील. आपण एवढेच पाहावे की त्यांच्या पाठीमागे कोणाची वाट अडलेली राहू नये.